दारावर चिकटवलेला कागद

गेल्या आषाढात आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीच्या फळीवर एक कागद चिकटलेला दिसला. रात्रभरच्या पावसाने शाई ओघळली होती. गिरणीवाले आप्पा मला हाक मारून म्हणाले, "भाऊ, तुम्ही कोर्टाच्या बातम्या करायचे ना? बघा बरं, काय लिहिलंय यात."

लिहिलं होतं इतकंच, की रस्तारुंदीत येत असल्याने दर्शनी भाग तात्काळ काढून घ्यावा, अन्यथा काढण्यात येईल. किती फूट ते नाही. कोणत्या कायद्याखाली ते नाही. तारखेची जागा कोरी. खाली सही होती, पण ती कोणाची हे सांगायला ज्योतिषीच लागला असता. कोणत्या कार्यालयाचा कागद ते राहू द्या.

आप्पांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "करणार काय? जागा शेवटी सरकारचीच ना."

हे वाक्य मी कोर्टाच्या आवारात शेकडो वेळा ऐकलं आहे. द्राक्षबागायतदाराच्या तोंडून ऐकलं आहे, जुन्या नाशकातल्या वाड्याच्या मालकाच्या तोंडून ऐकलं आहे. ते चूक आहे. किती चूक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ आणि २०२५ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या निकालांतून सांगितलं. बातम्यांमध्ये त्यातला बुलडोझर तेवढा दिसला. बाकीचं कायद्याच्या भाषेत राहून गेलं.

जागा शेवटी कोणाची?

जागा तुमची. पण सार्वजनिक कामासाठी ती तुमच्या मर्जीविरुद्धही घेण्याचा अधिकार सरकारला आहे. यालाच भूसंपादन म्हणतात. नाशिककरांना हे नवं नाही. सातपूर-अंबडची एमआयडीसी, सिडको, धरणं, आणि अलीकडे सिन्नर-इगतपुरीतून गेलेला समृद्धी महामार्ग, हे सगळं कोणाच्या ना कोणाच्या सात-बाऱ्यावरच उभं आहे.

या अधिकाराला वेसण घालणारं वाक्य संविधानाच्या कलम ३००-अ मध्ये आहे. त्याचा अर्थ असा, की कायद्याने तसा अधिकार दिलेला असल्याशिवाय कोणत्याही व्यक्तीची मालमत्ता काढून घेता येणार नाही. बस, एवढंच एक वाक्य.

लासलगावच्या बाजार समितीत उभं राहिलं की या वाक्याचा अर्थ लवकर कळतो. व्यापारी शेतकऱ्याचा कांदा घेतो, त्यात गैर काही नाही. बाजार त्यासाठीच भरतो. पण लिलाव पुकारला जातो, बोली सगळ्यांसमोर लागते, वजनकाट्यावर ट्रॉली जाते आणि हातात हिशोबपट्टी पडते. यातलं काहीच न करता रात्रीतून कोणी ट्रॉली ओढून नेली आणि सकाळी म्हणाला, "मला कांदा हवाच होता, पैसे बघू नंतर," तर त्याला खरेदी म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते लासलगावात कोणीही सांगेल. घ्यायचा अधिकार असणं आणि कसंही घ्यायचा अधिकार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग हा हक्क ‘मूलभूत’ का नाही?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. १९५० साली संविधान लागू झालं तेव्हा मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तो तिथून काढला आणि ३००-अ म्हणून दुसरीकडे ठेवला. २० जून १९७९ पासून हा बदल अमलात आला.

काढला कशासाठी, ते महाराष्ट्रात तरी समजावून सांगायला नको. कूळकायदा आठवा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं. मालमत्तेचा हक्क मूलभूत म्हणून घट्ट धरून बसलं असतं, तर प्रत्येक जमीनदार कोर्टात जाऊन असे कायदे अडवत राहिला असता. देशभरात ते तसं घडतही होतं, म्हणून १९५१ मध्येच पहिली घटनादुरुस्ती करावी लागली. आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तो याच प्रश्नावर: जमीन थोड्यांच्या हातात आणि राबणाऱ्याच्या हातात काहीच नाही. तेव्हा ‘सरकारला जमीन घेता आली पाहिजे’ या म्हणण्यामागे न्यायाचीच बाजू होती. आज बुलडोझर बघून आपण ती विसरतो, म्हणून हा फाटा.

व्यवहारात फरक इतकाच, की मूलभूत हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. ३००-अ साठी आधी उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणजे नाशिककराला पंचवटी एक्स्प्रेस धरून मुंबई गाठायची. हक्क मात्र संविधानातलाच राहतो. आणि राहतं घर असेल तर गोष्ट आणखी बदलते. डोक्यावरचं छप्पर हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा भाग आहे, आणि तो हक्क मूलभूतच आहे.

एका वाक्यात दडलेल्या सात गोष्टी

१६ मे २०२४ चा एक निकाल मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचीच बातमी सगळ्यांत छोटी आली होती. कोलकाता महापालिकेने एका मालकाचं नाव स्वतःच्या दप्तरातून खोडून तिथे आपलं नाव चढवलं. अमुक कलमाखाली जागा संपादित केली आहे, असं तिचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती नरसिंह आणि न्यायमूर्ती अरविंद कुमार यांनी ते कलम उघडून पाहिलं. रस्त्यासाठी, उद्यानासाठी कोणती जागा लागेल हे ठरवायची मुभा त्यात होती. घ्यायची मुभा नव्हती. त्यासाठी त्याच कायद्यात दुसरं कलम होतं. न्यायालयाने महापालिकेचा दावा फेटाळला आणि वर ५ लाख रुपयांचा खर्च बसवला.

लागेल हे ठरवणं वेगळं आणि घेणं वेगळं. शहराच्या नकाशावर तुमच्या प्लॉटवर हिरवा किंवा जांभळा रंग आला म्हणजे प्लॉट गेला, असं समजणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवावं.

पण निकाल तिथेच थांबला नाही. कायद्याने अधिकार दिला आहे म्हणजे नेमकं काय, याची फोड न्यायालयाने केली. मालकाला आधी कळवलं पाहिजे. त्याचं ऐकलं पाहिजे. ऐकून जो निर्णय घेतला तो कारणांसह त्याला सांगितला पाहिजे. काम खरोखर सार्वजनिक असल्याचं सरकारने दाखवलं पाहिजे. वाजवी मोबदला किंवा पुनर्वसन दिलं पाहिजे. हे सगळं वेळेत उरकलं पाहिजे. आणि शेवटी संपादन कागदोपत्री पुरं होऊन जागा रीतसर ताब्यात गेली पाहिजे, मध्येच लोंबकळत ठेवता येणार नाही. यातली एक पायरी जरी गाळली तरी अख्खं संपादन अडचणीत येऊ शकतं.

शेवटच्या दोन गोष्टींकडे लोकांचं लक्ष जात नाही. मला विचाराल तर खरी मेख तिथेच आहे. नोटीस तर बहुतेकांना येते. ‘मिळेल, मिळेल’ यातच पुढे पिढ्या जातात. बेंगळुरू-म्हैसूर महामार्गालगतच्या एका संपादनात २००३ पासून मालकांना मोबदलाच मिळाला नव्हता. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३००-अ चा आधार घेत सांगितलं, की आता २००३ चा भाव देणं म्हणजे थट्टा ठरेल, २०१९ च्या बाजारभावाने हिशोब करा. २००३ मध्ये गंगापूर रोडला प्लॉट काय भावाने जात होता हे ज्यांना आठवतं, त्यांना यातला फरक सांगायला नको. त्याच्याही आधी, २०२० मध्ये, हिमाचल प्रदेशातल्या ८० वर्षांच्या एका निरक्षर विधवेचं प्रकरण आलं होतं. तिची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यात गेली होती आणि पैसा एकही मिळाला नव्हता. इतकी वर्षं ताबा आमचाच आहे, तेव्हा जमीन आमचीच झाली, असा युक्तिवाद सरकारने केला. न्यायालयाने तो फेटाळला. आपल्याच नागरिकाची जमीन बळकावून ‘ताब्याने मालक झालो’ असं सरकारला म्हणता येणार नाही.

आपलं राज्यही यात मागे नाही. पुण्यात पाषाणला एका कुटुंबाची जमीन राज्याने १९६० च्या दशकात घेऊन संरक्षण संशोधन संस्थेला देऊन टाकली. मोबदल्याचा तिढा २०२४ पर्यंत चालू होता. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालय इतकं वैतागलं, की या माणसाचा मोबदला दिला नाही तर लाडकी बहीण योजना थांबवू, अशी तंबी त्याने राज्य सरकारला दिली. त्या बातमीत सगळ्यांनी लाडकी बहीण तेवढी वाचली.

माठातलं पाणी कोणाचं?

५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला तो मूळ मुंबईच्या जुन्या, उपकर भरणाऱ्या चाळींचा. म्हाडाच्या कायद्यात १९८६ साली एक प्रकरण घातलं गेलं. ७० टक्के भाडेकरू सहकारी संस्था करून पुढे आले, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत घेता येईल अशी त्यात सोय होती. मालक कोर्टात गेले. ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ सर्वांच्या हितासाठी वाटली जावी असं संविधानाचं कलम ३९-ब म्हणतं; त्यात माझं खासगी घरही येतं का, हा प्रश्न ठरवायला तीन दशकं गेली.

गंगापूर धरणाचं पाणी समाजाचं, यात वाद नाही. तेच पाणी मी माठात भरलं तर माठही समाजाचा होतो का? जुन्या निकालांचा कल ‘हो, सगळंच’ असा होता. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासह सात न्यायमूर्तींनी ‘सरसकट नाही’ असं म्हटलं. काही खासगी मालमत्ता त्यात येऊ शकते, पण ती कशा प्रकारची आहे, किती दुर्मीळ आहे, मोजक्याच हातांत एकवटली आहे का, समाजावर तिचा परिणाम काय, हे प्रत्येक वेळी तपासावं लागेल. न्यायमूर्ती नागरत्ना काही अंशी सहमत झाल्या, न्यायमूर्ती धुलिया यांनी विरोधी मत नोंदवलं. मला धुलियांची काळजी समजते: विषमता वाढत असताना सरकारचे हात आखडून चालेल का? पण आप्पांच्या गिरणीपुरतं बोलायचं तर उत्तर सोपं आहे. ती माठात मोडते.

पंधरा दिवसांचा हिशोब

आता बुलडोझर. आरोपीचं घर दुसऱ्या दिवशी पाडायचं आणि ‘बांधकाम अनधिकृत होतं’ असं सांगायचं, ही पद्धत काही राज्यांत रूढ झाली होती. १३ नोव्हेंबर २०२४ ला न्यायमूर्ती भूषण गवई, म्हणजे आपले अमरावतीचे, आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी देशभरासाठी नियम घालून दिले. गुन्हा झाला की नाही हे न्यायालय ठरवतं; ते काम अधिकारी आपल्या हातात घेऊ शकत नाहीत. आणि गुन्हा एकाने केला म्हणून छप्पर सगळ्या घराचं काढता येत नाही.

नियम बारकाईने बघण्यासारखे आहेत, कारण कचेऱ्या कशा चालतात हे माहीत असलेल्या माणसाने ते लिहिले आहेत. पाडकामाआधी कारणे दाखवा नोटीस हवी, ती रजिस्टर पोस्टाने हवी, शिवाय बांधकामाच्या दर्शनी भागावर चिकटवलेली हवी. उत्तराला किमान १५ दिवस, स्थानिक कायदा जास्त देत असेल तर तेवढे. आणि हे दिवस नोटीस हातात पडल्यापासून मोजायचे. नोटिशीत नियमभंग नेमका कोणता, सुनावणी कधी आणि कोणासमोर, हे सगळं हवं. आणि नोटीस निघाली की लगेच जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयाला ई-मेल गेला पाहिजे, त्याची आपोआप येणारी पोच राहिली पाहिजे.

ई-मेल कशाला? मागची तारीख टाकून नोटीस ‘दिलेलीच होती’ असं दाखवता येऊ नये म्हणून! हा नियम वाचला तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो.

पुढे सुनावणीची नोंद ठेवायची. आदेशात फक्त ‘पाडा’ असं लिहून भागत नाही. दंड भरून बांधकाम नियमित होण्यासारखं आहे का, थोडाच भाग काढून भागेल का, आणि नसेल तर पूर्ण पाडण्यावाचून उपाय का नाही, हे लिहायचं. आदेशानंतर पुन्हा १५ दिवस, म्हणजे अपील करता येईल किंवा माणसाला आपलं सामान आणि पत्रे आपल्या हाताने उतरवता येतील. पाडकामाचं चित्रीकरण करायचं. हे मोडलं तर अवमानाची कारवाई, आणि पाडलेलं पुन्हा उभारायचा खर्च अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून.

रस्ता रुंद करायचा असेल तर?

आप्पांच्या कागदाशी थेट नातं असलेला निकाल याच्या आदल्या आठवड्यातला आहे, ६ नोव्हेंबर २०२४ चा. उत्तर प्रदेशातल्या महाराजगंजमध्ये २०१९ साली रस्तारुंदीसाठी एका पत्रकाराचं वडिलोपार्जित घर पाडलं. लेखी नोटीस नाही; दवंडी पिटली आणि यंत्र आणलं. अतिक्रमण धरलं तरी ते ३.७० मीटरचं होतं, आणि पाडलं ५ ते ८ मीटर. न्यायालयाने सरकारला २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई द्यायला लावली.

मग रस्तारुंदीची रीत सांगितली. आधी सध्याचा रस्ता कागदोपत्री किती रुंद आहे ते काढा. मोजणी करून त्यात कोणाचं अतिक्रमण आहे का ते पाहा. असेल तर नोटीस द्या. हरकत आली तर कारणांसह निर्णय द्या, फेटाळली तर वाजवी मुदत द्या. आणि असलेला रस्ताच पुरेसा रुंद नसेल, तर शेजारची जागा कायद्याने संपादित करा, म्हणजे मोबदला देऊन घ्या.

इथे लोक हमखास फसतात. रस्ता रुंद करायचा आहे आणि तुम्ही रस्त्यावर अतिक्रमण केलं आहे, ही दोन अगदी वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात जागा तुमची आहे, पैसे तुम्हाला मिळायचे आहेत. दुसऱ्यात जागा रस्त्याची आहे, तुम्हाला काही मिळायचं नाही. भद्रकाली-दहीपुलाकडच्या बोळांत दोन्ही प्रकारची बांधकामं एकमेकांना खेटून उभी आहेत. म्हणून मोजणी आधी. सिटी सर्व्हेचा उतारा आणि मोजणी नकाशा नसताना कोणी तुम्हाला यातलं एक वाक्य सांगत असेल, तर दुसरं वाक्यही तितकंच खरं असू शकतं.

‘अतिक्रमण करणाऱ्यांना कसले हक्क?’

हा आक्षेप माझ्या घरातच मला रोज ऐकायला मिळतो. फुटपाथवरून चालता येत नाही, नाल्यावर बांधकामं, पूर आला की पाणी सराफ बाजारात शिरतं, आणि तुम्ही हक्क कसले सांगता?

न्यायालयालाही हे ठाऊक होतं. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गाची कड, नदी आणि जलाशय अशा सार्वजनिक जागांवरच्या अनधिकृत बांधकामांना बुलडोझर निकालातलं संरक्षण लागू नाही. कोर्टानेच पाडण्याचा आदेश दिला असेल तिथेही नाही. गोदावरीच्या पात्रात कोणी भिंत घातली तर तिला हा निकाल वाचवणार नाही. दर पावसाळ्याआधी जुन्या वाड्यांना धोकादायक इमारत म्हणून नोटिसा जातात, त्यांचा कायदाही वेगळा आहे, तिथे जीव वाचवणं आधी येतं.

पण अमुक बांधकाम अतिक्रमण आहे हे ठरवायचं कोणी आणि केव्हा? यंत्र आणण्याआधी की नंतर? नोटीस काही अतिक्रमणाला अभय देत नाही. ती चूक पकडण्याची संधी असते, आणि चूक दोन्ही बाजूंची असू शकते. १ एप्रिल २०२५ ला प्रयागराजच्या प्रकरणात न्यायमूर्ती ओक आणि न्यायमूर्ती भुयान यांनी प्रत्येक घरमालकाला १० लाख रुपये देण्याचा आदेश विकास प्राधिकरणाला दिला. तिथे नोटीस नुसती चिकटवली होती, आणि रजिस्टर पोस्टाने आदेश हाती पडल्यावर २४ तासांच्या आत घरं पाडली होती. आधी माणूस गाठून नोटीस हातात द्यायचा खरा प्रयत्न करा, चिकटवणं हा शेवटचा उपाय आहे, असं न्यायालयाने बजावलं.

झाड तोडायचं तरी महाराष्ट्रात वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभात येणाऱ्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, नाशकातल्या तपोवनातली झाडं तोडण्याचा विषय २०२५ च्या शेवटी पेटला, तो अशाच नोटिशीमुळे लोकांना कळला. घराला निदान झाडाइतका तरी मान मिळावा.

नकाशावरचं आरक्षण, आजोबांपासून

बुलडोझर आला की बातमी होते. आरक्षणाची बातमी होत नाही, आणि माझ्या मते नाशकात त्याने जास्त माणसं अडकली आहेत. विकास आराखड्यात तुमच्या शेतावर ‘शाळा’, ‘उद्यान’ किंवा ‘वाहनतळ’ असा शिक्का पडतो. त्यानंतर तिथे बांधता येत नाही, कर्ज मिळत नाही, विकायला गेलं तर भाव मिळत नाही. आणि शाळाही होत नाही. मुलगी लग्नाची झाली, नात लग्नाची झाली, तरी ‘शाळा’ नकाशावरच.

यावरचा उपाय १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातच आहे, कलम १२७. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर मालक किंवा जागेत हितसंबंध असलेला माणूस ‘जागा खरेदी करा’ अशी नोटीस सरकारी यंत्रणेला देऊ शकतो. इथे नोटीस उलट दिशेने जाते, म्हणून मला हे कलम फार आवडतं. मालकीचे कागद जोडून ही नोटीस गेली, की यंत्रणेला २४ महिने मिळतात. तेवढ्यात संपादन केलं नाही किंवा त्यासाठीचं ठोस पाऊल उचललं नाही, तर आरक्षण आपोआप गळून पडतं. या खात्याने त्या खात्याला पत्र लिहिलं, बैठक घेतली, याला ठोस पाऊल म्हणत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच स्पष्ट केलं आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रातलंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर होतं. जागा ३३ वर्षं अडकून पडली होती. न्यायालयाने आरक्षण संपल्याचं मान्य केलं आणि मालकाला वर्षानुवर्षं जागेच्या वापरापासून रोखून धरता येत नाही, असं सुनावलं.

मोबदला रोखच मिळेल असं मात्र नाही. पैशाऐवजी दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, ज्याला सगळे टीडीआर म्हणतात, तोही देऊ केला जातो. तो घ्यावा की नाही हे त्या वेळच्या टीडीआरच्या भावावर ठरतं. इथे जाणत्या माणसाचा सल्ला घ्या. चहाच्या टपरीवरचा सल्ला चालणार नाही.

‘कुंभ तोंडावर आलाय, एवढा वेळ कोणाकडे?’

३१ ऑक्टोबर २०२६ चं ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ चं पहिलं अमृतस्नान या तारखा नाशकात प्रत्येक अधिकाऱ्याच्या भिंतीवर आहेत. रस्ते, घाट, साधुग्राम, वळणरस्ते, सगळ्याला जागा लागते. मग पंधरा-पंधरा दिवस थांबत बसायचं का?

गणित करून बघा. नोटिशीचे १५, आदेशानंतरचे १५, मध्ये सुनावणी. फार तर दोन-अडीच महिने. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, आणि तो कधी येणार हे बारा वर्षं आधीच माहीत असतं. घाई अचानक उपटलेली नसते. ती कोणाच्या तरी टेबलावर साचलेली असते. साचवली टेबलाने आणि फेडायची गिरणीवाल्याने, हा हिशोब मला पटत नाही. शिवाय घाईत केलेलं संपादन कोर्टात अडकलं, तर वर्षं जातात. बेंगळुरूच्या मालकांची तर बावीस गेली.

न्यायालयाने सांगितलं, आणि झालं?

नाही. हे लपवण्यात अर्थ नाही.

मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगलीनंतर आरोपीचं घर पाडलं गेलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी स्थगिती दिली, पण तोवर बरंचसं पडून गेलं होतं. पुढे महापालिका आयुक्तांनी बिनशर्त माफी मागताना सांगितलं, की सर्वोच्च न्यायालयाचे हे नियम आपल्यापर्यंत पोचलेच नव्हते. निकाल नोव्हेंबरचा, पाडकाम मार्चमधलं. आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये काठे गल्लीतल्या दर्ग्याच्या नोटिशीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, ती येईपर्यंत पाडकाम झालेलं होतं. त्या बांधकामाचा वाद कोणाच्या बाजूने सुटायला हवा होता, हा वेगळा विषय. मी फक्त वेळापत्रक सांगतो आहे. कागद मुंबई-दिल्लीहून निघतो, यंत्र पुढच्या चौकातून.

म्हणूनच त्या दिवशी मी आप्पांना सर्वोच्च न्यायालय सांगत बसलो नाही. म्हटलं, आप्पा, आधी कागदाचा आणि तो लावलेल्या फळीचा फोटो काढा, आजच्या वर्तमानपत्रासह. सिटी सर्व्हेतून मिळकतपत्रिका आणि मोजणी नकाशा काढा. घरपट्टीच्या जुन्या पावत्या शोधा. मग एक साधं पत्र लिहा: नोटीस अमुक दिवशी दिसली, तिच्यावर तारीख नाही, मोजमाप नाही, कायदा नाही, मला मोजणीची प्रत द्या, सुनावणी द्या. आणि ते पत्र आवक-जावकला देऊन शिक्क्यासह पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. वकील त्यानंतर.

"पोच घेऊन काय होणार?" आप्पा म्हणाले.

उच्च न्यायालयात स्थगिती मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो: तुम्ही त्यांना काय कळवलं होतं आणि केव्हा? तोंडी सांगितलेलं तिथे चालत नाही.

आप्पा दोनदा गेले. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा शिक्का होता पण शाईचा पॅड कोरडा होता. तिसऱ्यांदा आप्पा पॅड घरून घेऊन गेले. तीन आठवड्यांनी त्यांच्या हाती दुसरा कागद आला. यावर तारीख होती, कलम होतं, दीड मीटर हा आकडा होता, आणि सुनावणीचा दिवस होता.

सुनावणी झाली आहे, निर्णय यायचा आहे. दीड मीटर रस्त्याचा की आप्पांचा, हे मोजणीत ठरेल. जुन्या नकाशात ती रेघ जरा वाकडीच आहे. गिरणी सुरू आहे. पोचपावती आप्पांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खंडोबाच्या तसबिरीमागे खोचून ठेवली आहे.